जागा बदलण्याची मुभा

चि. ताई,

तुझे पत्र पावले. आठवीच्या मुलांना बाकांवरून उठवून, वर्गभर हिंडत एकमेकांशी चर्चा करावयास लावण्याचा उपक्रम तू योजिला आहेस आणि त्यावर ‘वर्गात बाजार भरतो’ अशी तक्रार शेजारच्या वर्गातून आली आहे, असे लिहितेस. तक्रारीने खचू नकोस. परंतु ती सर्वस्वी निराधार आहे असेही मानू नकोस. मुले हिंडली म्हणजे विचार करू लागली, हा एक भोळा समज आहे. केवळ शरीर हालते ठेवावयाचे असेल, तर त्यासाठी कवायतीचा तास आहेच.

ह्या पद्धतीचे मर्म माझ्या मते निराळे आहे. बाकावर बसलेल्या मुलाचे मत मनातच दडून राहते. ते चुकले तरी कोणास कळत नाही आणि बदलले तरी त्याची दखल घेतली जात नाही. जो मुलगा खोलीच्या एका कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, त्याला मात्र आपले मत चारचौघांत पत्करावे लागते. आणि प्रतिपक्षाचे म्हणणे पटल्यावर जेव्हा तो आपल्या पायांनी दुसऱ्या कोपऱ्यात जातो, तेव्हा मत बदलणे ही नामुष्की नव्हे, हा संस्कार त्याच्यावर व्याख्यानावाचून होतो.

म्हणून सारी भिस्त प्रश्नाच्या निवडीवर आहे. ज्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे, किंवा ज्याचा कोणासच थांग लागत नाही, अशा प्रश्नासाठी मुलांना उठवू नये. पेल्यात बर्फाचा खडा तरंगत आहे. तो वितळल्यावर पाण्याची पातळी चढेल, उतरेल, की तेथेच राहील? तीन उत्तरे, तीन कोपरे. प्रथम प्रत्येकाने मुकाट्याने आपले उत्तर सकारण वहीत लिहावे. ही अट ढिली केलीस तर सारा वर्ग पहिल्या क्रमांकाच्या मुलामागोमाग जाईल. मग कोपरे गाठून, भिन्न मताच्या सोबत्याशी दोन-तीन मिनिटे वाद घालू दे आणि त्यानंतर जागा बदलण्याची मुभा दे. मात्र जो बदलील त्याने कोणत्या युक्तिवादाने बदलली, हे सांगितलेच पाहिजे. पेला काचेचा घे, तासाच्या आरंभीच मेजावर ठेव आणि पातळीवर शाईची खूण कर. काठोकाठ भरू नकोस, कारण बाहेरून जमलेले दव पाहून मुले पाणी सांडले म्हणतील. पातळी हलली नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावरच आर्किमिडीजचे तत्त्व फळ्यावर मांड.

मुलांनी मुलांस शिकवणे आपल्याकडे नवे नाही. मद्रासेत अँड्र्यू बेल ह्यांनी एतद्देशीय शाळांतील वाळूत अक्षरे गिरवण्याची रीत उचलली, आपल्या अनाथालयात जाणत्या मुलांकरवी इतरांस शिकवण्याची पद्धत बसवली आणि १७९७ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. परंतु तेथे एक सांगणारा आणि दुसरा ऐकणारा, हे आधीच ठरलेले असे. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझुर ह्यांनी १९९० नंतर पदार्थविज्ञानाच्या वर्गात शेजाऱ्या-शेजाऱ्यांना वाद घालावयास लावले, त्यात मात्र कोणीही नेमलेला जाणता नव्हता. त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे: ज्याला एखादी गोष्ट नुकतीच उमगली आहे, त्याला ती कोठे अडते हे अजून स्मरत असते; शिक्षकास त्याचा केव्हाच विसर पडलेला असतो.

व्यवस्थेविषयी थोडेसेच सांगतो. जाण्या-येण्याची वाट आधी आखून दे, टाळी वाजताच बोलणे थांबावे अशी ताकीद दे आणि जमल्यास पटांगणात जा. मुली एकीकडे व मुलगे दुसरीकडे असे तट पडू लागले, तर हजेरीपटाच्या क्रमाने जोड्या लाव. चालणे ज्याला कठीण आहे, अशा मुलाची जागा मधोमध ठेव. इतरांनी त्याच्याकडे यावे.

तुझ्या चेहऱ्यावर मात्र उत्तर दिसू देऊ नकोस, कारण मुले पुस्तकापेक्षा शिक्षकाचा चेहरा अधिक तत्परतेने वाचतात. तसेच, कोण चुकले ह्याची नोंद ठेवू नकोस. कोणी कारण देऊन जागा बदलली आणि कोण बहुमत विरुद्ध असताही कारण देऊन जागेवर टिकले, ह्यांची ठेव. वर्षअखेरीस प्रगतिपत्रकात शेरा लिहावयाचा तो ह्या नोंदीवरून.

तुझा,
काका