शहराचें सांडपाणी : समुद्रांत कीं शेतांत ?

समुद्रकांठच्या शहराच्या सांडपाण्याची चर्चा पाचोऱ्याच्या शेतकऱ्यांनीं कां करावी, असा प्रश्न कित्येक वाचकांस पडेल. परंतु घाण पाणी शुद्ध करण्याचीं तत्त्वें सर्वत्र एकच आहेत. भेद पडतो तो तें शेवटीं कोठें जातें ह्यांत. मुंबईचें समुद्रांत जातें. आमच्याकडे तें नाल्यांत, आणि नाल्यांतून शेतांत येतें.

मुंबईस वरळी व वांद्रे येथून मोठाले नळ समुद्रतळाखालून तीन किलोमीटरांहून अधिक आंत नेले आहेत. पुष्कळ वर्षें तेथें पाणी चाळून, वाळू-कचरा काढून खोल समुद्रांत सोडण्यावर भिस्त होती. एवढ्यानें भागत नाहीं असें ठरून २०२३ सालीं वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर अशा सात ठिकाणच्या नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची योजलेली एकूण शक्ति दररोज सुमारें २४६ कोटी लिटर आहे.

शुद्धीकरणाचा क्रम असा. प्रथम जाळ्यांनीं चिंध्या व कचरा अडवितात. मग वाळू व जड गाळ खालीं बसवितात. तरीही विरघळलेली घाण राहते. ती खाण्याचें काम सूक्ष्म जंतूंचें. त्यांस प्राणवायु पाहिजे, म्हणून हौदांत यंत्रानें हवा फुंकतात. ह्या जंतूंचा गाळ बसवून त्यांतील कांहीं भाग नव्या पाण्यांत विरजणाप्रमाणें घालावयाचा, ही युक्ति १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट ह्यांनीं मांडली. शेवटीं क्लोरीन वगैरेनें रोगजंतू मारतात. उरलेला गाळ हवाबंद कोठींत कुजविला म्हणजे जळाऊ वायु मिळतो. मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठाश्रमांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून असा वायु करून वापरीत. आपल्या गोबरगॅसचें तत्त्व हेंच.

किनाऱ्यावरील गटारांत भरतीचें खारें पाणी झिरपूं शकतें. तें पाणी पिकास घातक. आमच्या पाण्यांत तो दोष नाहीं. उलट त्यांत नत्र, स्फुरद व पालाश असतात. पण समुद्रास भरती-ओहोटी आहे, तर हिवरेसारख्या नदीचा प्रवाह पावसाळ्यानंतर क्षीण होतो. तेव्हां वरच्या गांवानें सोडलेली घाण खालच्या गांवाच्या विहिरींत झिरपण्यास वेळ लागत नाहीं.

म्हणून नाल्यावर पंप बसविणाऱ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या. कच्चें सांडपाणी कांदा, मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांस कदापि देऊं नये. त्यांतील जंतांचीं अंडीं धुतल्यानेंही खात्रीनें जात नाहींत. पाणी धरणाऱ्या गड्यानें अनवाणी उभें राहूं नये. शुद्ध केलेलें पाणी कपाशीस चालेल, परंतु वरखताचा नत्र त्या मानानें कमी करावा. नाहींतर झाड पाल्यानें माजतें व बोंडें कमी धरतात. कारखान्याचें पाणी मिसळत असेल तर जड धातूंची तपासणी झाल्यावांचून तें घेऊं नये.

पारखण्यास डोळा पुरत नाहीं. केंद्र सरकारनें २०१७ सालीं महानगरांबाहेरील बहुतेक गांवांच्या केंद्रांकरितां ठरविलेली मर्यादा अशी : जैव प्राणवायूची मागणी लिटरास ३० मिलिग्रॅम, व विष्ठेतील जंतू १०० मिलिलिटरांत १,००० हून कमी. निवळ दिसणारें पाणीही ह्या दुसऱ्या कसोटीस उतरेलच असें नाहीं.

महसुली दफ्तरांत आयुष्य गेल्यामुळें आणखी एक गोष्ट सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. बांधाशेजारून नाला वाहतो म्हणून पाणी आपलें होत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० प्रमाणें, दुसऱ्याचा हक्क शाबीत नसेल तेथें, नदीनाले व त्यांतील वाहतें पाणी सरकारचें आहे. आज फुकट मिळणारें पाणी उद्यां शुद्ध होऊन दुसरीकडे वळलें तर तक्रारीस आधार राहणार नाहीं. ह्याकरितां नाल्याकांठच्या खातेदारांनीं एकत्र येऊन नगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा. किती पाणी, कोणत्या दिवशीं, व तपासणीचा दाखला दरमहा मिळेल कीं नाहीं, एवढें कागदावर उतरवून घ्यावें.