पुढे थांबलेली गाडी दिसली, की

सायरन वाजवत येणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट द्यायची, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. 2019 साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर वाट अडवणाऱ्याला 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तीच रुग्णवाहिका रस्त्यात उभी असली, की मात्र आपण तिला खेटून सुसाट निघून जातो. 5 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आधीच्या अपघातासाठी रुग्णवाहिका आली होती. मागून आलेली भरधाव मोटार तिच्यावर आणि तिथे थांबलेल्या गाड्यांवर आदळली. 5 जणांचा जीव गेला, त्यांत मदतीला धावलेले सेतूचे कर्मचारीही होते.

म्हणून पुढे क्रेन, गस्तीची गाडी किंवा टँकर उभा दिसला, की तिथे माणूस आहे असंच धरून चाला. तो दिसत नसतो, कारण चाकाशी वाकलेला असतो, क्रेनचा हुक अडकवत असतो किंवा दुभाजकातल्या कण्हेरीला पाणी घालत असतो. बहुतेक वेळा त्याची पाठ तुमच्याकडे असते.

आधी वेग उतरवा, लेन नंतर बदला. बरेच जण नेमकं उलटं करतात. ताशी 100 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी 40 मीटर संपलेले असतात. कोरड्या रस्त्यावर थांबायला पुढे आणखी 50-60 मीटर हवेत, पावसात त्याहून जास्त. पिवळे दिवे किंवा नारिंगी कोन लांबून दिसताच ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेकवर दोन-तीनदा हलका पाय ठेवा, म्हणजे मागच्याला लाल दिवा दिसेल. मग आरसा पाहा, इंडिकेटर द्या आणि एक लेन मोकळी सोडून बाजूला व्हा. मधे जागा नसेल, तर आहे त्याच लेनमधून अगदी हळू जा. चालत्या गाडीचे पार्किंग लाइट लावू नका. दोन्ही बाजू लुकलुकत असल्या, की तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

झाडांना पाणी घालणारा टँकर आपल्याकडे बहुधा उजव्या, म्हणजे सगळ्यात वेगवान लेनमध्येच उभा असतो. त्याला चुकवण्यासाठी ऐनवेळी डावीकडे स्टिअरिंग मारलं, की डावीकडचा ट्रक तुम्हाला घेतो. आणि शोल्डरवरून पुढे घुसण्याचा मोह तर पूर्ण टाळा. क्रेन आणि रुग्णवाहिका तिथूनच येतात.

दुपदरी रस्त्यावर लेन सोडण्याचा प्रश्नच नाही. मागे अंतर ठेवून थांबा, समोरची वाहनं जाऊ द्या. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे ‘या पुढे’ असा अर्थ घेण्याची आपली जुनी सवय आहे. इथे ती सोडा. तो कदाचित स्वतःच उभी गाडी चुकवायला उजवीकडे वळत असेल. झेंडा घेऊन उभा असलेला कामगार सांगेल ते ऐका, तो दोन्ही बाजू पाहत असतो.

रात्री सगळंच अवघड होतं. बिघडलेल्या ट्रकमागे दिवा नसतो, असतात ती रस्त्यावर टाकलेली झाडाची डहाळी आणि चार दगड. डहाळी दिसली, की ट्रक दिसण्याची वाट न पाहता वेग कमी करा. तिथे काम करणाऱ्यांच्या डोळ्यांवर अप्पर मारू नका. त्यांना तुम्ही येताय हे कळतं, पण किती जवळ आलात ते कळत नाही.

शेजारून जाताना नजर पुढे ठेवा. ‘काय झालं?’ म्हणून मान वळली, की स्टिअरिंगही हळूच तिकडे वळतं. मोबाइलवर चित्रण करणाऱ्या सहप्रवाशाला स्पष्ट शब्दांत थांबवा. पहिली गाडी ओलांडली, की लगेच वेग वाढवू नका. अपघाताच्या जागी एका गाडीपुढे दुसरी असते, आणि दोन्हींच्या मधून कोणीतरी रस्ता ओलांडत असतं. शेवटचा कोन मागे पडेपर्यंत गती तीच राहू द्या.

दिवे नसलेली, डहाळीही नसलेली गाडी दिसली, तर तिच्यामागे स्वतः थांबू नका. पुढच्या टोलनाक्यावर किंवा पंपावर थांबून कळवा: राष्ट्रीय महामार्गावर 1033, इतर कुठेही 112. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितलात, तर गस्तीच्या गाडीला ती जागा लवकर सापडते.