शेजारी डेटा सेंटर येत असेल तर पाणी, वीज व धूर यांचा हिशेब आधी मांडा

ठाणे-बेलापूर रस्त्याने ये-जा करणाऱ्या व्यापारी बंधूंनी एक बदल पाहिला असेल. ऐरोली, रबाळे, महापे या भागात पूर्वी रसायनांचे व इंजिनिअरिंगचे कारखाने दिसत. आता त्यांच्या शेजारी खिडक्या नसलेल्या उंच, बंद इमारती उभ्या राहत आहेत. तेथे ना भोंगा वाजतो, ना पाळी सुटल्यावर गर्दी होते. ही डेटा सेंटर होत. पनवेलजवळही २०२० पासून असे एक मोठे केंद्र चालू आहे. आपले बँकेचे खाते, मोबाइलवरून होणारी देवघेव, जीएसटीची विवरणपत्रे हे सारे अशाच केंद्रांतील संगणकांवर चालते.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. त्यामुळे त्यांना दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे सोपे झाले. म्हणजे अशा इमारती वाढणार, आणि त्यांतील काही आपल्या गाळ्यांच्या व घरांच्या शेजारी येणार. त्यांना विरोध करावा असे आमचे म्हणणे नाही. मात्र कापडाचा व्यापारी थान घेण्यापूर्वी माप घेतो, फाडून झाल्यावर नव्हे. नव्या शेजाऱ्याच्या बाबतीतही तीच रीत हवी.

आत काय चालते?

डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणकांचे गोदाम. ते रात्रंदिवस चालतात आणि जेवढी वीज खातात, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतात. ती उष्णता काढली नाही तर यंत्रे बंद पडतात. म्हणून वीज दोन ठिकाणी लागते, संगणकांना आणि त्यांना थंड ठेवण्यास. एकूण विजेला संगणकांच्या विजेने भागले की जो आकडा येतो त्यास या धंद्यात पीयूई म्हणतात. हा आकडा १.५ असेल तर संगणकांच्या प्रत्येक युनिटमागे अर्धे युनिट थंडावा व इतर कामांवर खर्च होते. आकडा १ च्या जितका जवळ, तितकी उधळपट्टी कमी.

आता आपल्या मापात पाहू. ज्या केंद्रातील संगणक १० मेगावॉट वीज घेतात, ते आजच्या मानाने फार मोठे नव्हे. साध्या यंत्रमागाला एक अश्वशक्तीची मोटर असते, म्हणजे पाऊण किलोवॉट. या हिशेबाने ते केंद्र एकट्या संगणकांसाठीच सुमारे तेरा हजार मागांइतकी वीज घेते. शिवाय माग रात्री, सुट्टीला, मंदीत थांबतो. हे केंद्र थांबत नाही.

पाण्याचा हिशेब

थंडावा आणण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर काढतात. दुसरीत तेच पाणी बंद नळ्यांतून फिरवून पंख्यांच्या हवेने निववतात. पहिलीत वीज कमी व पाणी जास्त. दुसरीत पाणी नाममात्र व वीज जास्त. येथे फुकट काहीच नाही, एक वाचवले की दुसरे वाढते.

एक युनिट उष्णता वाफेने काढण्यास सुमारे दीड लिटर पाणी उडून जाते. १० मेगावॉटचे संगणक दिवसाला २ लाख ४० हजार युनिट वापरतात. सगळी उष्णता वाफेनेच काढायची ठरली तर दिवसाला सुमारे ३ लाख ६० हजार लिटर पाणी उडेल, म्हणजे दहा हजार लिटरचे ३६ टँकर. माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापाने हे पाणी सुमारे २,६०० माणसांना पुरते.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. वाफ उडते तेव्हा क्षार मागे राहतात. पाणी जड होत जाते, म्हणून त्यातील काही भाग ठरावीक काळाने बाहेर सोडावा लागतो. त्यात नळ्यांत थर व शेवाळ धरू नये म्हणून घातलेली रसायनेही असतात. जड पाण्याने रंगाची छटा कशी बिघडते, हे रंगाईवाल्या बंधूंना सांगावयास नको. असे पाणी शेजारच्या नाल्यात गेले तर त्याचा भार इतरांवर पडतो.

यावर उपाय आहे. थंडाव्यासाठी पिण्याचे पाणी लागत नाही. शहराचे सांडपाणी नीट शुद्ध करून वापरता येते. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली व कोपरखैरणे येथील सांडपाणी अधिक शुद्ध करून औद्योगिक पट्ट्यास पुरविण्याची योजना उभारली आहे. म्हणून पहिला प्रश्न असा असावा : पाणी नळाचे, बोअरचे की शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे?

धूर आणि आवाज

वीज गेली तरी संगणक क्षणभरही बंद पडू द्यायचे नसतात. म्हणून आधी बॅटऱ्या आणि नंतर डिझेलची मोठी जनित्रे सज्ज असतात. एक युनिट विजेला सुमारे पाव लिटर डिझेल जळते. वर सांगितलेले केंद्र थंडाव्यासह १५ मेगावॉटवर जनित्रांवर चालले तर तासाला साडेतीन ते चार हजार लिटर डिझेल जळेल. वीज न जाताही जनित्रे चाचणीसाठी चालवावी लागतात. चाचणी पहाटे, वस्ती झोपेत असता, सर्व जनित्रे एकदम लावून करायची, की दिवसा एकेक करून? एवढ्या एका निर्णयाने शेजाऱ्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

जनित्राच्या धुराड्याच्या उंचीचा नियम आहे. जनित्राच्या केव्हीएचे वर्गमूळ काढून त्याला ०.२ ने गुणावे. जितके मीटर येतील तितके धुराडे इमारतीच्या उंचीपेक्षा वर हवे. २,५०० केव्हीएचे वर्गमूळ ५०, म्हणजे धुराडे छतापासून १० मीटर वर. हे मोजण्यास इंजिनिअर लागत नाही.

आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. औद्योगिक भागात दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, तर निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. छतावरील पंख्यांची घरघर अखंड असते, आणि रस्ता शांत झाला की तीच कानात घुमते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात चँडलर नावाचे शहर आहे. तेथील रहिवासी या घरघरीने वर्षानुवर्षे हैराण होते. अखेर २०२२ मध्ये त्या शहराने बांधकामापूर्वीच आवाजाचा अभ्यास सक्तीचा केला.

इतरांच्या अनुभवातून

अमेरिकेच्याच ऑरेगन राज्यात द डॅलेस हे सुमारे सोळा हजार वस्तीचे गाव आहे. तेथे गूगलची डेटा सेंटर आहेत. ती किती पाणी घेतात हे एका वृत्तपत्राने २०२१ मध्ये विचारले. तेव्हा हे व्यापारी गुपित आहे असे म्हणून नगरपालिकेने माहिती देण्याचे टाळले आणि प्रकरण न्यायालयात नेले. २०२२ च्या डिसेंबरात तडजोड होऊन आकडे बाहेर आले, तेव्हा गावाच्या एकूण पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी ही केंद्रे घेत असल्याचे कळले. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, नगरपालिकेने कंपनीशी पाण्याचा नवा करार मंजूरही केला होता. आकडा नागरिकांच्या हाती आला तो करार झाल्यावर.

दुसरे उदाहरण आयर्लंडचे. त्या देशात मोजल्या गेलेल्या विजेपैकी २०१५ मध्ये ५ टक्के वीज डेटा सेंटर घेत होती. २०२३ मध्ये हा हिस्सा २१ टक्के झाला. शहरांतील सर्व घरे मिळून १८ टक्के घेत होती. राजधानी डब्लिनच्या परिसरात नव्या केंद्रांना जोडणी देणे जवळजवळ थांबवावे लागले. त्याच शहराच्या टॅलट भागात मात्र २०२३ पासून ॲमेझॉनच्या केंद्रातील वाया जाणारी उष्णता सरकारी इमारती गरम ठेवण्यास वापरली जाऊ लागली. आपल्या हवेत घरे तापविण्याची गरज नाही. ही उष्णता रंगाईच्या कामास पुरेशी कडकही नसते. पण शेजाऱ्याचे काही देणे लागतो हे आधी ठरले तर मार्ग निघतो, एवढे यातून दिसते.

आपला कायदा

बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा अधिक असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. पण इमारतींच्या बांधकामाच्या या वर्गाला जनसुनावणीची अट नाही. त्यामुळे कोणी आपल्या दारी विचारावयास येईल याची वाट पाहू नये.

तरीही वाट बंद नाही. मंजुरी मिळाल्यावर तिची जाहिरात दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यांतील एक स्थानिक भाषेचे असते. मंजुरीची प्रत ग्रामपंचायत किंवा महापालिकेने तीस दिवस फलकावर लावावयाची असते. मंजुरी अमान्य असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. आपल्या भागासाठी या न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यास आहे. मंजुरीतील अटी पाळल्या की नाहीत याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी द्यावयाचा असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ही वेगळी बाब आहे. तिच्यात पाणी, सांडपाणी व जनित्रांच्या अटी लिहिलेल्या असतात. ही कागदपत्रे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने मागता येतात.

सहा प्रश्न

आपल्या भागातील गाळेधारकांची संघटना, मागवाल्यांची मंडळी किंवा मोहल्ला समिती यांनी एकत्र बसून पुढील प्रश्न लेखी विचारावेत :

१. रोजचे पाणी किती आणि कोठून? उन्हाळ्यात पाणीकपात झाली तर केंद्राचीही होणार काय?

२. थंडाव्याची पद्धत कोणती, आणि बाहेर सोडलेले क्षाराचे पाणी कोठे जाणार?

३. विजेचा भार किती? त्यासाठी स्वतंत्र उपकेंद्र होणार, की आपल्याच फीडरवर बोजा पडणार?

४. जनित्रे किती, धुराडे किती उंच, चाचणी कोणत्या वेळी?

५. कुंपणाशी रात्रीचा आवाज किती, आणि तो कोण मोजणार?

६. जुन्या बॅटऱ्या, संगणक व वापरलेले ऑइल कोणाला देणार?

शेवटचा प्रश्न भंगाराच्या धंद्यातील बंधूंसाठी विशेष महत्त्वाचा आहे. बॅटऱ्या व इलेक्ट्रॉनिक भंगार यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत आणि हा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. नोंदणी करून हे काम घेतल्यास कायमचा धंदा मिळू शकतो. नोंदणीविना घेतल्यास माल जप्त होईल, आणि गल्लीत बॅटरी फोडल्यास शिसे आपल्याच मुलांच्या श्वासात जाईल.

हे प्रश्न विचारताना आपलेही हात स्वच्छ हवेत. ज्याच्या गाळ्याचे रंगीत पाणी उघड्या गटारात वाहते, त्याची तक्रार कोणी मनावर घेणार नाही. आणि जे विचारावयाचे ते वेळेवर विचारावे. नकाशा कागदावर असतो तेव्हा पंख्यांची दिशा बदलते, धुराडे उंच होते, पाण्याची पाइपलाइन दुसऱ्या ठिकाणाहून येते. इमारत उभी राहून यंत्रे चालू झाल्यावर प्रत्येक बदलास कोटींचा खर्च येतो, आणि तो करण्यास कोणी सहजी तयार होत नाही. आपल्या भागात अशा केंद्राचा फलक लागला असेल, तर या आठवड्यातच महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन मंजुरीची प्रत पाहून यावी.