पाय मोकळा ठेव, झिला

झिला, तू आखाड्यात उतरायचं ठरवलंस हे तुझ्या आईने सांगितलं, आणि घरात सगळ्यांत जास्त आनंद या मामाला झाला. आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर पोहणारे, रापण ओढणारे, कबड्डी खेळणारे पोरगे पुष्कळ. कुस्ती म्हटली की घाट चढून कोल्हापूरची तालीम गाठायची, ही जुनी रीत. आता शालेय स्पर्धांत कुस्तीही असते, ज्युदोही असतो. तू मातीत उतर नाहीतर मॅटवर, आईची काळजी एकच आहे आणि ती रास्त आहे: गुडघा. तेव्हा आधी हे वाच, मग लंगोट कस. गजाली नंतर.

१. पाय जमिनीला खिळलेला आणि अंग मात्र वळलेलं, अशा वेळी गुडघा जातो. बाकी सगळं विसरलास तरी एवढं लक्षात ठेव — गुडघा दुमडायला आणि सरळ व्हायला बनलाय, पीळ तो फार सोसत नाही.

२. वळायचं तर टाच उचलून चवड्यावर वळ. टांग मारताना, ढाक लावताना जमिनीवरचा पाय अंगाबरोबर फिरलाच पाहिजे — पाऊल मागे राहिलं की उरलेलं वळण गुडघ्यात उतरतं.

३. माती पाय सोडते, मॅट पाय धरते. मातीत अनवाणी पाऊल थोडं सरकतं आणि गुडघा सुटतो. मॅटवर रबरी तळाचा बूट चिकटून बसतो. म्हणून मातीतून मॅटवर गेलास की पहिले पंधरा दिवस अर्ध्या जोरानेच खेळ — डाव तोच असला तरी पायाखालची जमीन बदललेली असते. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते मातीत तयार होऊन, आणि मॅटची सवय नसताना सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. आणि १९५६ चं मेलबर्न कशामुळे हुकलं? गुडघ्याच्या दुखापतीमुळे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या त्या पहिलवानाहून आपला गुडघा भक्कम आहे, असं कधी समजू नकोस.

४. आखाडा खणायचं काम आलं तर तोंड पाडू नकोस. वस्ताद नव्या पोरांना फावडं देतात ती शिक्षा नव्हे — ज्या मातीवर गुडघा टेकणार तिच्यातला प्रत्येक खडा आणि ढेकूळ तुझ्याच हाताखालून जातं, वर कंबर तयार होते ती वेगळीच. आपल्याकडे तर जांभ्याचे खडे, नीट वेचून काढ.

५. मॅट असेल तर गाद्यांच्या जोडावर नजर फिरव — फटीत अंगठा अडकला की पाऊल तिथंच राहतं आणि अंग पुढे जातं. आपल्या दमट हवेत घामाचं पाणी गादीवर साचून राहतं, दोन कुस्त्यांमध्ये फडकं मारायला लाजू नकोस.

६. पडायला शिकला तो खेळायला राहिला. नव्या पोरांचे गुडघे जास्त जातात ते हरलेला डाव वाचवण्याच्या हट्टात: समोरच्याने उचललंय, तोल गेलाय, तरी एक पाय ताठ रोवून तग धरायचा. तसं करू नकोस. हनुवटी छातीशी घे, अंग गोल कर आणि खुशाल पड — सरावातली हार कुणी वहीत लिहीत नाही, तुटलेला बंध मात्र शरीर विसरत नाही. पहिला महिना रोज थोडा वेळ नुसतं पडण्याला दे. तुला ते कंटाळवाणं वाटेल हे मला ठाऊक आहे, तरी दे.

७. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला खाली जाताना, गुडघा टेकव आणि लगेच पुढे सरक, आपटू नकोस — रोजच्या आपटण्याने वाटीपुढची पिशवी सुजते आणि पाणी धरते. जाड गुडघापट्टी वापर. तिथली कातडी सोलली असेल तर बरी होईपर्यंत झाकून ठेव. जखमेतून त्या पिशवीत पू झाला तर दुखणं लांबतं.

८. तुझा पाय त्याच्या हातात सापडला तर दुसऱ्या पायावर उड्या मारत त्याच्याकडेच तोंड ठेव. पाठ फिरवून पळायला बघू नकोस — धरलेला पाय मागे राहतो आणि पहिल्या कलमात सांगितलेला पीळ तूच आपल्या हाताने घालतोस.

९. पायाच्या पेचांत शहाणपणा दाखव. ज्युदोच्या स्पर्धेत सांध्याचा पेच फक्त कोपरालाच चालतो. पायांची कात्री घालून पाडायचा ‘कानी बसामी’ आणि पायात पाय गुंतवून मागे पाडायचा ‘कावाझू गाके’ हे दोन्ही डाव बंद आहेत — समोरच्याचा पाय अडकून मोडण्याचा धोका फार. जिउ-जित्सू किंवा सांबो शिकणाऱ्यांत बसलास आणि कुणी टाच पिळायला धरली, तर दुखायची वाट न बघता थाप दे — या पेचात कळ उठते तोवर बंध गेलेला असतो. आणि दुसऱ्याने थाप दिली की त्याच क्षणी सोड.

१०. सुरुवातीला जोड जुनी-जाणती घे, आणि वजनाने जवळची. दोन नवखे एकत्र सोडू नयेत असं वस्ताद म्हणतात ते खरं — नवखा घाबरला की नको तिथे अंग टाकतो.

११. कुस्ती बघत बसशील तेव्हा काठापासून लांब, पाय आवरून बस — शेजारची जोडी अंगावर येऊन पसरलेला पाय खाली सापडतो, आणि न खेळताच पोरगा लंगडतो.

१२. ‘आता शेवटची एक’ म्हणतात ना, ती कुस्ती धरू नकोस. दमलेली मांडी गुडघ्याला सावरत नाही.

१३. बैठका वाढव, पण बेताने, आणि गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून — आत कलणारा गुडघा पुढे धोका देतो. तुझ्या बहिणीलाही यायचं असेल तर जरूर आण, तिच्याकडून हे आणखी नेटाने करून घे — गुडघ्याचा पुढचा बंध मुलींत जास्त वेळा तुटतो. नुसत्या बैठकांवर थांबू नकोस. गुडघ्यांवर उभा राहा, जोडीदाराला घोटे दाबून धरायला सांग आणि सरळ अंगाने हळूहळू पुढे झुक. सुरुवातीला चार-पाच वेळा बस — मांडीचा मागचा स्नायू नडगीला मागे खेचून धरतो आणि त्या बंधावरचा भार हलका करतो.

१४. चिवला किंवा तारकर्लीच्या वाळूत धावायचं तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत धाव. जितकं जाशील तितकंच त्याच वाटेने परत ये — किनारा उतरता असतो, एकाच दिशेने धावलं की एकाच गुडघ्यावर भार येतो. कोरड्या खोल वाळूत झोंबाझोंबी नको, पाऊल रुतलं की काय होतं ते आता तुला ठाऊक आहे.

१५. आता नीट ऐक. गुडघ्यात ‘कट्’ झालं, दोन-चार तासांत सूज चढली, गुडघा अडकला किंवा चालताना सटकला, तर खेळ त्याच दिवशी बंद. गावात तेल चोळून द्यायला माणसं प्रेमाने धावून येतील, त्यांना हात जोड — ताज्या सुजेवर चोळलं की ती वाढते. मासळीच्या गावात बर्फाला तोटा नाही. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लाव, पाय उंच ठेव. मग ओरोसला जिल्हा रुग्णालयात नाहीतर गोव्यात बांबोळीला हाडांच्या डॉक्टरांना दाखव. एक्स-रे चांगला आला म्हणून उड्या मारू नकोस — त्यात हाड दिसतं, बंध आणि गुडघ्यातली गादी बघायला एमआरआय लागतो.

१६. तुटलेल्या बंधाचं ऑपरेशन करावं लागलं तर साधारण नऊ महिने कुस्ती नाही, आणि त्यात घासाघीस नाही. कुस्तीगीर विनेश फोगटला २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावल्यावर स्ट्रेचरवरून नेलं होतं. पूर्ण उपचार आणि व्यायाम करून ती परतली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकली.

१७. लपवलेलं दुखणं दामदुपटीने वसूल होतं. जुनी काही कुरबुर असेल, जांभ्याच्या पायऱ्या उतरताना वाटी दुखत असेल, तर वस्तादांना पहिल्याच दिवशी सांग. ते रागावणार नाहीत. त्यांना ठाऊक असलं तर ते तुला जोड बघून देतील. आणि आईला रोज फोन कर. ती आधी जेवलास का विचारेल, मग गुडघ्याचं विचारेल. दोन्हीची उत्तरं खरी दे.