शाळेचे काम, तोंडी शब्द आणि करारभंगाचा दावा

सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावी वळवाच्या वादळात प्राथमिक शाळेच्या एका वर्गावरील पत्रे उडाले, असे समजावे. मृग तोंडावर आलेला. मुख्याध्यापकांनी गावच्या गवंड्यास बोलावून सांगितले, "काम उरकून द्या, पैसे जिल्हा परिषदेकडून मिळतील." गवंड्याने उसनवारीने पत्रे व वासे आणून छप्पर पूर्ववत् केले. मुले त्याखाली बसू लागली; पण वर्ष लोटले तरी देयक मंजूर झाले नाही. त्याने परिषदेवर करारभंगाचा दावा लावावा काय?

जिल्हा परिषद ही १९६१ च्या महाराष्ट्र अधिनियमान्वये स्थापन झालेली, स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेली संस्था होय. तिला करार करता येतो, तसाच तिच्या नावाने तिच्यावर दावाही लावता येतो. करार मोडल्यास त्यातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या हानीची भरपाई भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ अन्वये मागता येते. परंतु भंग होण्यास आधी करार हवा. ज्यांस कायद्याने अधिकार दिलेला नाही त्यांच्या शब्दाने परिषद बांधली जात नाही, मग तो शब्द कितीही सद्भावनेने दिलेला असो.

तेव्हा गवंडी बुडाला काय? नाही. अशाच स्वरूपाचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९४४ च्या सुमारास बंगालमधील आरामबाग येथे नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून मंडल नावाच्या ठेकेदार पेढीने कच्चा रस्ता, कचेरी, स्वयंपाकघर इत्यादी कामे केली. शासनाने ती वापरली आणि पैशांच्या वेळी मात्र, विहित रीतीने करारच झालेला नाही, असे सांगितले. ५ डिसेंबर १९६१ रोजी निकाल झाला. करार नव्हता हे न्यायालयाने मान्य केले. तथापि फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेले काम दुसऱ्याने नाकारण्याची मोकळीक असूनही स्वीकारले व त्याचा लाभ घेतला, तर कलम ७० अन्वये त्याचा मोबदला द्यावा लागतो, असे ठरविले.

यात ठरलेला दर मिळत नाही, कामाचे रास्त मोल मिळते. आणि ते सिद्ध करावे लागते. येथेच शिक्षकाच्या दप्तराला महत्त्व येते. काम कोणी सांगितले, किती पत्रे लागले, वर्ग कोणत्या तारखेपासून भरू लागला, वरिष्ठांस कधी कळविले, याची त्याच वेळी केलेली नोंद पुढे गवंड्याच्या उपयोगी पडते. अशी नोंद ठेवण्यास संकोच वाटतो, हे खरे. पण बोलावणे शाळेचेच होते.

शिक्षकाच्या स्वतःच्या सेवेविषयीची तक्रार मात्र निराळी. शासकीय नोकरीतील नाते नेमणुकीनंतर कराराचे न राहता नियमांनी ठरलेल्या दर्जाचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले आहे.

दाव्यास मुदत साधारणतः तीन वर्षांची. परिषदेने मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली, तर ती नव्याने मोजली जाते. "पुढच्या महिन्यात बघू" या तोंडी उत्तराने ती एक दिवसही वाढत नाही.