हलला गेलेल्या पुतणीस

चि. सायलीस,

इंग्लंडमधल्या हलच्या कॅरॅव्हॅन कारखान्यात चासीचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कॅरॅव्हॅनची स्थिरता ड्रॉइंग बोर्डवरच ठरव, मागाहून बसवायच्या उपकरणांवर सोडू नकोस.

मोटारवेवर मोठी लॉरी शेजारून गेली की हवेच्या धक्क्याने कॅरॅव्हॅन टो-बॉलभोवती डोलू लागते. टायर ते डोलणं शमवतात, पण वेग वाढेल तसा त्यांचा हा जोर घटतो. एका वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. तो वेग कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या गाड्यांसाठी तिथे असलेल्या ताशी 60 मैलांच्या मर्यादेच्या बराच वर राहिला पाहिजे.

आधी वजन कुठे बसतंय ते बघ. जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. 50 किलोचा नग ॲक्सलपासून अर्ध्या मीटरवर असला तर 12.5 किलो-वर्गमीटरची भर पडते; तोच अडीच मीटरवर गेला की 312.5. पंचवीसपट! म्हणून ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी, जादा चाक हे सगळं ॲक्सलजवळ घे. मागच्या टोकाला आडवं न्हाणीघर गिऱ्हाइकांना आवडतं, विक्रीवाले तेच मागतील. त्यांच्याशी आकडे घेऊन भांड. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी वजनं आणि ॲक्सल सरकवता येईल असा ट्रेलर खऱ्या गाडीमागे पळवून पाहिला. एकूण वजनापेक्षा त्याची वाटणी, टो-बॉलवरचा भार आणि ॲक्सलची जागा यांचाच प्रभाव जास्त दिसला.

ॲक्सल थोडा मागे आणि ड्रॉबार लांब, हे दोन्ही उपकारक. मात्र ॲक्सल मागे गेला की टो-बॉलवरचा भार वाढतो. तो भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के असावा, म्हणजे 1300 किलोला 65 ते 91 किलो, आणि अनेक गाड्यांना एवढा भार पेलवत नाही. या ओढाताणीतच तुझं खरं कौशल्य लागेल. चासी हलकी करताना ड्रॉबार आडव्या दिशेने लवचिक होऊ देऊ नकोस.

घर्षणाचा स्टॅबिलायझर, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, दोन्ही जरूर बसवा. पण चाचणी दोन्ही बंद ठेवून घे, तीही रिकाम्या कॅरॅव्हॅनची नको. मागच्या कपाटात सायकली आणि तंबू कोंबणारं कुटुंब गृहीत धर.

पहिल्या नमुन्याच्या वजनांचा तक्ता तयार झाला की सांग. रविवारी फोनवर बसून दोघं मिळून तपासू.

तुझा,
काका