मोटारीचे झिजलेले सांधे : ते ओळखावे कसे व बदलावे कसे

खडीच्या रस्त्यावरून ज्यानें एकदां तरी बैलगाडींतून प्रवास केला आहे, त्याला मोटारीच्या कमानींची थोरवी निराळी सांगावयास नको. बैलगाडीचा आंस गाडीच्या साट्यास घट्ट जखडलेला असतो. चाकाखालीं आलेला प्रत्येक दगड आंसांतून साट्यांत आणि साट्यांतून बसणाराच्या हाडांत पोंचतो. टांग्यास पोलादी पाटे बसले आणि तोच रस्ता निम्मा सुसह्य झाला. मोटारीनें टांग्याचे पाटे घेतले, व त्यांना वेटोळ्याच्या कमानी, तेलाचे धक्काशोषक आणि रबरी बुश यांची जोड दिली. ह्या सर्व मेळ्यास सस्पेन्शन म्हणतात. सस्पेन्शन म्हणजे केवळ बसणाराच्या सुखाची सोय, असा पुष्कळांचा समज आहे. तो अपुरा आहे. चाक रस्त्यास सतत चिकटून ठेवणें हें त्याचें पहिलें काम होय. कारण जें चाक रस्त्यावर टेकलेलें नाहीं त्यास ब्रेकही लागत नाहीं आणि वळणही घेतां येत नाहीं.

उदाहरणासाठीं आपण प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊं. फिएट अकराशें ह्या इटालियन गाडीचें हें भारतीय रूप मुंबईंत कुर्ला येथील कारखान्यांत १९६४ पासून तयार होऊं लागलें, व पुढें १९७४ पासून तें पद्मिनी ह्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या ताफ्यांतून ती २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तरीही ‘आजोबांची गाडी’ म्हणून कांहीं घरीं ती अद्यापि जपलेली आढळते, आणि शिकणाराच्या दृष्टीनें तिच्यासारखी गाडी नाहीं. तिच्यांतील बहुतेक सर्व कांहीं डोळ्यांना दिसतें व हातानें चांचपतां येतें. पुढल्या प्रत्येक चाकास वर एक व खालीं एक अशा दोन भुजा असून भार तोलण्यास वेटोळ्याची कमान असते. चाक डावीउजवीकडे वळावें म्हणून एक उभी पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. मागें मात्र टांग्याचीच परंपरा आहे : एक अखंड आंस व तो तोलणारे दोन पाटे.

कमान व धक्काशोषक यांचीं कामें भिन्न आहेत, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तुम्ही शाळेंत शिकलांच आहां : कमानीवर जितका भार अधिक, तितकी ती अधिक दबते. परंतु दबलेली कमान घेतलेली शक्ति पोटांत ठेवीत नाहीं. ती परत करते. म्हणून खड्ड्यांतून गेलेली गाडी वरखालीं झुलूं लागते. किती वेगानें झुलते, हें घरबसल्या काढतां येतें. गाडीच्या वजनानें कमान जितके सेंटिमीटर दबली असेल त्या संख्येचें वर्गमूळ काढावें व त्यानें ५ ला भागावें. एका सेकंदांत होणारीं आंदोलनें जवळजवळ बरोबर मिळतात. दाब १५ सेंटिमीटर असेल तर उत्तर सुमारें १.३ येतें. आतां गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालली आहे असें समजा. एका सेकंदांत ती १६.७ मीटर जाते, म्हणजे एका आंदोलनास सुमारें १३ मीटर रस्ता लागतो. रस्त्यावर दर १३ मीटरांवर एक उंचवटा आला, तर झोपाळ्यास वेळेवर झोका द्यावा त्याप्रमाणें प्रत्येक उंचवटा गाडीस अधिकच उडवील.

हें थोपविणें हें धक्काशोषकाचें काम. त्याच्या नळींत तेल असतें व त्यांत एक दट्ट्या सरकतो. दट्ट्यांतील बारीक भोकांतून तेलास बळानें वाट काढावी लागते, व झोक्याची शक्ति तेथें उष्णतेच्या रूपानें खर्च होते. चांगल्या खडबडीत रस्त्यावरून येऊन थांबलेल्या गाडीचा धक्काशोषक हातास कोमट लागतो, तो ह्यामुळेंच. आंतील तेल गळून गेलें कीं दट्ट्या मोकळा सरकतो. कमान तेव्हांही गाडी तोलून धरते, गाडी उभी असतां कांहींच उणें दिसत नाहीं. पण धांवतांना चाक रस्त्यावरून क्षणोक्षणीं उचललें जातें आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतांच गाडी भलतीकडे सरकते.

सगळ्यांत कठीण गोष्ट ही कीं, ही झीज चालविणारास कळत नाहीं. दांत दुखूं लागला तर तो त्याच दिवशीं सांगतो. सस्पेन्शन तसें करीत नाहीं. रबर महिनोन्महिने कडक होत जातें, किंगपिनच्या बुशांत केसाएवढी फट पडते, ती दोन केसांएवढी होते, आणि चालविणाराचे हात नकळत तितकी दुरुस्ती करीत राहतात. गाडी डावीकडे ओढूं लागली तर तो सुकाणूचक्र जरा उजवीकडे धरतो, आणि सहा महिन्यांनीं तेंच त्याला सरळ वाटूं लागतें. पुष्कळ दिवसांनीं गाडींत बसलेला पाहुणा मात्र पहिल्याच वळणावर दाराची मूठ धरतो. तेव्हां ‘माझी गाडी उत्तम चालते’ ह्या मालकाच्या शब्दावर विसंबूं नये. मोजून व हातानें चांचपून पाहावें.

प्रथम गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजावी, डावी व उजवी दोन्ही, आणि तारखेसह वहींत लिहून ठेवावी. दोन बाजूंत बोटभर फरक असेल तर एका बाजूची कमान वा पाटा बसला आहे. नंतर गाडीचा एक कोपरा अंगाचा भार देऊन दाबावा व एकदम सोडावा. निरोगी गाडी वर येते व थोडीशी खालीं जाऊन स्थिर होते. दोनतीन वेळां डुलली तर त्या कोपऱ्याचा धक्काशोषक संपला. त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ व त्यावर बसलेली धूळ दिसल्यास दुसरा पुरावा नको.

मग पुढलें चाक जॅकवर उचलून गाडीखालीं भक्कम घोडी लावावी. चाकाचा माथा व तळ दोन्ही हातांनीं धरून आंतबाहेर हलवावें. ‘खट’ असें झालें तर झीज एकतर किंगपिनमध्यें आहे किंवा चाकाच्या बेअरिंगमध्यें. दोहोंतील भेद ओळखण्याची युक्ति फार सुंदर आहे : दुसऱ्या कोणास ब्रेक दाबून धरण्यास सांगावें. ब्रेकनें चाक व त्याचा आधार एक होतात. म्हणून ब्रेक दाबतांच खटका नाहींसा झाला तर दोष बेअरिंगचा, आणि तसाच राहिला तर किंगपिनचा वा भुजेच्या सांध्यांचा. चाक डाव्याउजव्या कडांनीं धरून हलवितां खटका आला तर सुकाणूच्या दांड्यांचे सांधे पाहावे.

ह्यापुढचा शोध कानानें करूं नये. पत्र्याच्या पेटींत आवाज कोठून निघाला व कोठें ऐकूं आला यांचा मेळ नसतो. मागच्या पाट्याचा सैल बुश पुढच्या बाकाखालीं वाजल्याचा भास होतो, आणि मालक बिचारा पुढचे दोन्ही धक्काशोषक बदलून येतो, आवाज तसाच. एकानें गाडी हलवावी व दुसऱ्यानें प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावें. ज्या सांध्यांत दोन भाग एकमेकांवर सरकतात तेथें बोटास तें कळतें. बोट मात्र सांध्याच्या कडेस ठेवावें, फटींत घालूं नये. आणि गाडी केवळ जॅकवर असतां कोणीही, अगदीं मिस्त्रीनेंही, तिच्याखालीं जाऊं नये.

दोष सांपडल्यावर भाग बदलण्याचें काम. हें काम अनुभवी मिस्त्रीचें आहे; विद्यार्थ्यांनीं तें जवळून पाहावें, स्वतः करूं नये. विशेषतः वेटोळ्याची कमान काढणें जिवावरचें आहे. पद्मिनीचें वजन सुमारें नऊशें किलो. त्यांतील एका चाकाच्या वांट्यास येणारा दोनशें किलोंहून अधिक भार ती कमान दाबून धरीत असते. आवळण्याचें योग्य साधन न लावतां भुजेचे बोल्ट सोडले तर ती गोफणींतील दगडासारखी सुटते.

किंगपिनचें काम कौशल्याचें आहे. जुनी पिन वर्षानुवर्षें वंगण न मिळाल्यानें गंजून बसलेली असते. ती ठोकून काढतांना हातोडा मारणाराची घाई दिसून येते. आधीं गंज सोडविणारें तेल रात्रभर मुरूं द्यावें हें शहाणपणाचें. नवे बुश बसविल्यावर त्यांचीं भोकें रीमर नांवाच्या हत्यारानें पिनच्या मापाचीं करावीं लागतात, आणि वरचा व खालचा बुश एका रेषेंत येण्यासाठीं रीमर दोहोंतून एकदम फिरवावा लागतो. आणखी एक गोष्ट पालकांनीं उभें राहून पाहावी. प्रत्येक बुशास ग्रीस आंत जाण्यासाठीं लहान भोक असतें. तें बाहेरच्या निपलच्या भोकासमोर आलें पाहिजे. बुश थोडा फिरून बसला तर ग्रीसची वाट कायमची बंद होते. बाहेरून सर्व चकचकीत दिसतें, आणि नवी पिन आंतून कोरडीच झिजत जाते.

रबरी बुशांचा नियम निराळा आहे. पुष्कळ बुशांत रबर आंतबाहेरच्या पोलादी नळ्यांस चिकटविलेलें असतें. सांधा हलतो तो नळी घसरून नव्हे, तर रबर पिळून. म्हणून त्याचा बोल्ट चाक लोंबकळत असतां घट्ट केला, तर गाडी खालीं उतरतांच रबरास जन्मभराचा पीळ बसतो व तें थोडक्या महिन्यांत फाटतें. बोल्ट आधीं नुसते बसवावे, गाडी चाकांवर उतरवावी, चारदोन वेळां दाबून हलवावी, आणि मगच शेवटचा आवळ द्यावा. हा आवळही अंदाजानें नव्हे. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशीं १० किलोचा जोर लावला तर बोल्टवर ५ किलो-मीटरचा पीळ पडतो. गाडीच्या पुस्तकांत प्रत्येक बोल्टचा आंकडा दिलेला असतो व तो मोजून देणारा पाना बाजारांत मिळतो.

धक्काशोषक व कमानी नेहमीं जोडीनें बदलाव्या. एक नवी व एक थकलेली कमान एकाच आंसावर असणें म्हणजे एक बैल तरणा व दुसरा म्हातारा अशी जोडी जुंपणें; गाडी नेहमीं एकीकडे वळते.

भाग विकत घेतांनाही डोळे उघडे असावे. पद्मिनीचा कारखाना पुष्कळ वर्षांपूर्वींच बंद झाला, त्यामुळें भाग मिळतात ते जुन्या सांठ्यांतले किंवा लहान कारखान्यांत तयार झालेले. ‘जुना असली माल’ ऐकून पुष्कळजण हुरळतात. पोलादाच्या भागाबाबत तें ठीक आहे. पण रबर न वापरतांही म्हातारें होतें. असा बुश अंगठ्यानें दाबून व वांकवून पाहावा. पृष्ठभागावर बारीक भेगा उमटल्या तर वेष्टन कितीही कोरें असो, दुकानदारास नमस्कार करावा.

सर्व भाग बसल्यावर चाकांची दिशा यंत्रावर तपासून घेणें अवश्य आहे, कारण सांधे बदलले कीं जुनी जुळणी राहत नाहीं. हा खर्च टाळण्याचा मोह फार होतो. त्याचा हिशोब असा : चाक खऱ्या दिशेपासून केवळ एका अंशानें तिरपें असलें, तर दर किलोमीटरास तें सुमारें १७ मीटर आडवें घासलें जातें. हजार किलोमीटरांत तीं १७ किलोमीटर होतात, आणि टायर म्हणजे शेवटीं रबरच.

पाट्यांस आंसाशीं बांधणारे यू-आकाराचे बोल्ट नव्या जोडणींत थोडे सैल पडतात; पहिल्या कांहीं दिवसांच्या वापरानंतर ते पुन्हा आवळून घ्यावे. त्याच दिवशीं चारही चाकांची उंची पुन्हा मोजावी व जुन्या आंकड्यांखालीं लिहावी. किंगपिनच्या निपलांत ग्रीस भरतांना जुनें काळें ग्रीस सांध्याच्या कडेनें बाहेर येऊन मागून स्वच्छ ग्रीस दिसूं लागेपर्यंत पंप चालवावा, आणि तीही तारीख वहींत टिपावी.